पत्र्यावरचे दगड

३ मार्च, सोमवार

आज दुपारी भुई घुमली. आम्ही हळद शिजवत होतो. भीमसिंगचा ट्रॅक्टरला जोडलेला हळदीचा कुकर वाफ सोडत होता, म्हणून आधी वाटलं आवाज त्याचाच आहे. पण नीलाबाईच्या तांब्यातलं पाणी थरथरलं. नीलाबाई भीमसिंगची बायको, तांड्यावरची. माझ्या लग्नापासून दर हंगामाला ती आमच्या हळदीवर असते. तिनं तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "झालं हिचं सुरू." मग दोघींनी पाटी उचलली.

आमच्या बोरदऱ्याला हा आवाज नवा नाही. जमीन आतून गुरगुरते, फळीवरची भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, संपतं. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचे पाय गेलेत, खाटेवरच असतात. खाटेवरून म्हणाल्या, "काय खाल्लं म्हणावं हिनं, पचून न्हाई राहिलं."

सोमवार म्हणून यांचा फोन चार्जिंगला लावला. माझा बटनाचा साधा फोन. यांचा मोठा फोन मी बंद केला नाही, रिचार्जसुद्धा करते. हे गेले त्याला या वैशाखात चार वर्षं होतील. गावाच्या ग्रुपवर नाव तसंच आहे. मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, फोन घेतो. लोक अजून त्यांना 'शुभ सकाळ' पाठवतात. मी सगळं वाचते. लेक शिवकन्या शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पुस्तकावर मी वाचायला शिकले. तेव्हापासून समोर आलेलं वाचायची खोडच आहे, शेवेचा पुडा सोडला तरी कागद वाचून मगच टाकते.

आजचा मेसेज: होळीच्या पौर्णिमेला महाभयंकर भूकंप. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं. घरात झोपू नका. दहा जणांना पाठवा. खाली जोडलेले हात.

असेच जोडलेले हात चार वर्षांपूर्वी होते. सरकारी दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही, आत किडनी काढून घेतात, असं लिहिलं होतं. यांनी मला वाचून दाखवलं. दम लागत होता तरी दोनदा वाचलं. मग काढा पीत घरात पडून राहिले. शेवटी ऑटोत घातलं तर वसमतच्या वाटेतलं कुरुंदासुद्धा ओलांडलं नाही.

मी बाहेर झोपायला जाणार नाही. भूकंपाला यायचं तर येऊ दे.

५ मार्च, बुधवार

देविदास आला. गावातलंच पोरगं, फोनवर बातम्यांचं चॅनल चालवतं. गळ्यात ओळखपत्र आहे, ते त्यानं स्वतःच छापून घेतलेलं.

"काकू, तुमच्या भिंतीला भेग हाये म्हणं."

"हाये की. तुझ्याहून मोठी हाये वयानं."

"भूकंपाची ना?"

"संतराम भावजीनं विहिरीला सुरुंग लावला तव्हाची. तू जन्मला बी नव्हता."

संतराम भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, शेजारीच राहतात. देविदास हसला. फोन भेगेच्या इतका जवळ नेला की मला वाटलं आता आतच घालतो. मग मला विचारलं, "भीती वाटती का?" मी म्हटलं, "भीती पालीची वाटती. त्या भेगेत पाल राहती." चहा पिऊन गेला.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी पुण्याहून शिवकन्याचा फोन. रडत होती.

"आई, आपलं घर फाटलंय आन् तू सांगितलं पण न्हाई!"

मला काही कळेना. यांच्या फोनवर बघितलं. माझी भेग होती, पण खालून काढलेली, दरीसारखी दिसत होती. मागे ढोल वाजत होता. मी दिसत होते, पदर सावरताना. सुरुंग नव्हता, पाल नव्हती. फक्त माझं "भीती... वाटती" एवढंच ठेवलं होतं. पाहणारे हजारोंनी.

"आजीला घेऊन पुण्याला ये," शिवकन्या म्हणाली. "हे लोक सांगून राहिले, तरी तू अशी काहून करती?"

"कोन लोक? तो देविदास? त्याच्या मायला इचार, त्याला गुरं राखायला पाठवलं तर म्हैस हरवून येतो."

फोन ठेवला आणि भेगेजवळ गेले. खरं लिहायचं तर मला ती रुंद वाटली. चाळीस वेळा पाहिलेली भेग, पण व्हिडिओत पाहून आल्यावर ती वेगळी दिसली. बोट घालून पाहिलं. करंगळी जाते, अंगठा जात नाही. पहिल्यापासून तसंच आहे. स्वतःचाच राग आला.

दुपारून माणसं भेग बघायला यायला लागली. वसमतहून दोघं मोटारसायकलवर आले आणि तिच्यासमोर उभं राहून फोटो काढले. आत्याबाई खाटेवरून ओरडल्या, "चहा नको पाजू ग, तिकीट लाव!"

९ मार्च, रविवार

ग्रुपवर आज आणखी तीन आले. एक म्हणे विहिरींचं पाणी गरम होणार. एक म्हणे कावळे गाव सोडून गेले. आमच्या लिंबावर दोन बसले होते, त्यांना कुणी सांगितलं नसावं.

तिसरा तहसीलचा म्हणून होता. त्यावर शिक्का होता. घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका, आणि पत्र्याच्या घरांवर ठेवलेले दगड काढून घ्या. शिक्के आता कुणीही काढतं. किडनीच्या मेसेजवरही शिक्का होता.

आमच्या पत्र्यावरचे दगड यांनी ठेवलेले. शिवकन्या पोटात होती तेव्हा वळवाच्या वाऱ्यानं पत्रे उडाले. मग यांनी ओढ्यातून एकेक दगड खांद्यावर आणून वर चढवला. मी खालून सांगायची, इकडं, अजून इकडं. ते म्हणायचे, "सांगनारीनं एक उचलून बघावा." आता फोन म्हणतो ते काढा. हाच फोन म्हणाला कावळे गेले.

हसले आणि फोन पालथा ठेवला.

१४ मार्च, शुक्रवार

लिहायला बसले तर हसूच येतं.

काल होळी. पोळीवर कुणाचं मन नव्हतं. दिवस मावळायच्या आत अर्धं गाव गोधड्या, पोरं, शेळ्या घेऊन माळावर गेलं. संतराम भावजी न्यायला आले.

"वहिनी, चला. मायला मी उचलून नेतो."

"न्हाई."

"हट्ट काहून करता? दादा असता तर..."

"तुमच्या दादाला या फोननंच नेलं, भावजी. मला न्यायला त्याला दुसरी युक्ती काढावी लागंल."

 आत्याबाई म्हणाल्या, "जा रे तू. मी लग्न होऊन या घरात आले, आता चौघांच्या खांद्यावरच जाईन. माळावर झोपायला न्हाई."

आम्ही दोघी पुरणपोळी खाऊन झोपलो. काही झालं नाही. घुमलंसुद्धा नाही.

झालं ते माळावर. संतराम भावजींना विंचू चावला. सकाळी तीन बोटं गाठोड्यासारखी बांधून आले. नीलाबाई पोट धरून हसली. म्हणाली, "भूकंपाला सापडला न्हाईत, इच्चवाला सापडलात."

मी चौकात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. म्हटलं, फोनात येतं ते सगळं खोटं. एकूणएक खोटं. यापुढे या गावात फोनचं ऐकून कुणी हललं तर मला तोंड दाखवू नका. बायकांनी माना डोलावल्या. बरं वाटलं. चार वर्षं आत काही दाबून ठेवलं होतं, ते जरा सैल झालं.

२१ मार्च, शुक्रवार



सकाळी मी अंगणात वाळत घातलेली हळद पालथी करत होते. कुठला मेसेज नव्हता, तारीख नव्हती, पौर्णिमा नव्हती. घुमण्याआधीच भुई हलली. मी खाली बसले. गाव घराबाहेर पळालं, ओरडा ऐकू आला. मग घरातून धाडकन आवाज आला.

आत धूळ होती. पत्र्याचा गंजलेला भाग फाटून वरचा एक दगड आत आला होता. खाटेच्या पायथ्याला आदळून फुटला होता, आणि त्याचा एक तुकडा आत्याबाईंच्या पावलावर बसला होता. रक्त येत होतं. त्या शुद्धीवर होत्या. वर फाटक्या पत्र्यातून आभाळ दिसत होतं, तिकडं बघून त्यांनी विचारलं, "कोन मेल्यानं टाकला ग?"

माझ्या ओठांवर आलं होतं, तुमच्या लेकानं. गिळलं.

फडकं बांधलं, भीमसिंगला हाक मारली. त्यानं कुकर सोडून नुसता ट्रॅक्टर आणला. संतराम भावजी म्हणाले, "थांबा वहिनी, गावातल्या डॉक्टरला दाखवू, सरकारी दवाखान्यात काहून..." मी ऐकलं नाही. या वेळी कुणाला विचारलं नाही. आत्याबाईंना गोधडीत गुंडाळून वसमतच्या दवाखान्यात नेलं. टाके पडले. हाड शाबूत आहे. दुपारी परत आलो. कुरुंदा ओलांडताना मी डोळे मिटून घेतले होते, जातानाही आणि येतानाही.

डॉक्टर पोरगी होती. विचारलं, "दगड कुठून पडला आजी?" आत्याबाई म्हणाल्या, "डोक्यावर ठेवला व्हता, पायावर पडला. नशीब चांगलं."

२२ मार्च, शनिवार

शिडी लावली. नीलाबाईनं खालून धरली.

पहिला दगड हलेना. इतक्या वर्षांत पत्र्याला चिकटून बसला होता. खाली गंजाचा ओला गोल. दुसऱ्याखाली एका चिमणीचं जुनं घरटं. तिसरा हातात घेतल्यावर कळलं, किती जड आहे. हे खांद्यावर घेऊन चढले होते. मी वरच बसून राहिले. नीलाबाई खालून म्हणाली, "गोजरबाई, रडायचं असंल तर खाली येऊन रड. शिडी हलती."

रडत नव्हते. घाम होता.

संतराम भावजी आले. "दादानं ठेवलेले दगड काढता? अन् वारं सुटलं म्हंजे?"

"वारं सांगून येतं, भावजी. आभाळ काळं होतं, धूळ उठती. भुई काही सांगत न्हाई. तुमच्या पत्र्यावरचे पण काढा. काल सगळे दारातून पळाले. पत्र्यावरनं दगड घरंगळला तर दारातच पडतो."

"तहसीलनं पन तेच लिहिलं व्हतं ना?"

"व्हय."

"फोनात आलं व्हतं?"

"व्हय."

"तुमीच चौकात बोललात, फोनातलं एकूणएक खोटं."

नीलाबाईनं माझ्याकडं बघितलं नाही. मी चौथा दगड उचलला.

२३ मार्च, रविवार

भीमसिंगनं पत्रे वाशांना तारेनं आवळून दिले, फाटलेल्या जागी जुना तुकडा ठोकला. नंतर मी घरोघर हिंडले. एकाही घरी कुणी शिडी लावली नाही. एक म्हणाला, होळीलाही असंच म्हणत होते. एक म्हणाली, आमचा दगड बरा बसलाय. एकीकडं देविदासचा नवा व्हिडिओ चालला होता, आत्याबाईंचं रक्ताळलेलं फडकं आणि खाली 'मोठा धक्का बाकी'. त्या घरातल्या लेकराच्या पाळण्यावर, बरोबर वर, दोन दगड. मी बोट केलं. लेकराची आई म्हणाली, "थांबा मावशी, हे बघून होऊ द्या."

२४ मार्च, सोमवार

यांचा फोन चार्जिंगला लावला. भरेपर्यंत जवळ बसले.

मी कधी त्यावर लिहिलं नव्हतं, फक्त वाचलं होतं. आज गावाच्या ग्रुपवर अक्षरं शोधत लिहिलं. 'ग' सापडेना, उगाच दोनदा 'घ' पडला. लिहिलं ते असं:

'पत्र्यावरचे दगड आजच उतरवा. लेकरांच्या पाळण्यावरचे आधी. घरात एक दगड पडला आहे, दुसरा पडायची वाट बघू नका.'

जोडलेले हात टाकले नाहीत. दहा जणांना पाठवा असं लिहिलं नाही. बाण दाबला आणि फोन उशीखाली सारला.

२५ मार्च, मंगळवार

आज गाव पत्र्यावर होतं.

सकाळी पाणी भरायला निघाले तर ज्या घराकडं बघावं तिथं शिडी. पाळण्यावरचे दोन दगड उतरले होते. म्हातारे कोतारे खाली उभे राहून सांगत होते, इकडं, हळू. मला वाटलं, माझं लिहिणं पटलं. छाती फुगली. मग संतराम भावजी भेटले. तोंड पांढरं.

"वहिनी, दादाचा मेसेज आला."

"मी पाठवला तो."

"तुमी?" त्यांनी खिशातला फोन काढून पुन्हा बघितला. "आमाला वाटलं... रात्री सगळ्यांच्या फोनवर दादाचं नाव अन् फोटू उमटला. घरात दगड पडलाय म्हने. बाया रडू लागल्या."

म्हणजे तहसीलनं सांगितलं, ऐकलं नाही. मी दारात जाऊन सांगितलं, ऐकलं नाही. मेलेल्यानं सांगितलं तर पहाटे शिड्या निघाल्या. मी तिथंच घागर ठेवून हसले. भावजींना वाटलं मला वेड लागलं.

"तुमचे उतरवले का?" मी विचारलं.

"दादानं सांगितल्यावर कोन ठेवंल?"

"मग झालं."

२६ मार्च, बुधवार

देविदासचा नवा व्हिडिओ आला, 'मृत व्यक्तीच्या नंबरवरून थरारक इशारा'. गावाचा ग्रुप तोच सांभाळतो. संध्याकाळी यांच्या फोनवर एक ओळ आली:

'देविदास यांनी तुम्हाला काढून टाकले.'

मी शेजारी जाऊन विचारून आले. कारण म्हणे अफवा पसरवली. कावळे आणि गरम विहिरी पाठवणारे सगळे ग्रुपमध्ये आहेत.

तुम्हाला म्हणजे कुणाला? मी ती ओळ कितीदा वाचली. यांना काढलं असेल तर ते चार वर्षं उशिरा काढलं. मला काढलं असेल तर मला आत कधी घेतलं होतं?

जेवले नाही. आत्याबाईंनी विचारलं तर म्हटलं, पित्त झालं.

३ एप्रिल, गुरुवार

दुपारी वारं सुटलं. आभाळ काळं झालं, धूळ उठली. मी म्हटलं होतं तसंच सांगून आलं. हळद ताडपत्रीखाली घेतली. पत्रे धडधडत होते, तारा ओढ घेत होत्या. मी आणि आत्याबाई खाली बसून वर बघत होतो. कडेचा एक पत्रा सुटला आणि गोठ्यापलीकडं जाऊन पडला.

संतराम भावजी भिजत आले. "सांगितलं व्हतं ना! ठेवू का दगड परत?"

"पत्रा गेला, भावजी. वसमतला दुसरा मिळतो." आत्याबाईंच्या पायाकडं बोट केलं. "हा पाय मिळतो का बघा."

ते तसेच गोठ्यापलीकडं गेले. पत्रा उचलून आणला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

यांचे दगड मी दाराशेजारी रचलेत, माती भरून ओटा केलाय. आता आत्याबाई सकाळी उचलून तिथं ठेवल्या की ऊन खात बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या देतात. दगड खाली असला की बसायच्या कामाचा, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

७ एप्रिल, सोमवार

पहाटे पुन्हा घुमलं. फळीवरचं एक भांडं पडलं. पत्रा वाजला, वरून काही आलं नाही. सकाळी गावातून ओरडा नाही, पळापळ नाही. नीलाबाई येताना म्हणाली, पाळण्यावाल्या घरी कुणी उठलंसुद्धा नाही.

यांचा फोन चार्जिंगला लावला. आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आता काहून लावती? त्यातनं काढून टाकलं ना त्याला?"

"सवय हाये," मी म्हटलं.

तेवढ्यात देविदास आला. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. ओट्याच्या टोकाला बसला, दगडावर हात फिरवत राहिला.

"काकू, काकांचा नंबर परत ग्रुपमध्ये घेतो."

"काहून रे? अफवा पसरवतो ना तो?"

"लोक विचारून राहिले. पहाटे घुमलं तर मला पंधरा जणांनी फोन केला. म्हणतात, विश्वंभर काकांचा मेसेज आला का? तुमी काही लिहीत जा त्यावरून. लोक ऐकतात. आपल्या चॅनलला बी..."

"आन् तहसीलचं?"

"ते कोन वाचतं, काकू."

आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. मला पुन्हा तो दगड हातात घेतल्यासारखं वाटलं, तिसरा, जड.

"विश्वंभर लिहीत न्हाईत," मी म्हटलं. ते नाव माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघालं. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. "विश्वंभर गेले. दवाखान्यात न्यायला उशीर झाला म्हणून गेले, त्याच तुझ्या ग्रुपमुळं. लिहिलं मी. तुझ्या फोनात त्या नंबरला काय नाव हाये, दाखव."

त्यानं दाखवलं. विश्वंभर काका. शेजारी यांचा फोटो, वसमतच्या बाजारातला, डोळे बारीक केलेले.

"ते पूस."

"काकू, पन मग लोक ऐकनार न्हाईत."

"न्हाई ऐकले तर मी शिडी घेऊन जाईन. पूस. गोजरबाई लिही, सगळ्यांना पन तसंच लिहायला सांग. आन् मग घे ग्रुपमध्ये. पहिला मेसेज भेगेचा टाकनार हाये, सुरुंगासकट."

 मग त्यानं पुसलं. 'गोजराबाई' लिहिलं. मी म्हटलं, चुकलं, नीट लिही. त्यानं परत लिहिलं. मी फोन हातात घेऊन वाचून बघितलं, मगच चुलीवर चहा ठेवला.